बोरच्या गाडीमागचा अभ्यास

मला अभ्यासाला गोंगाट लागतो, आणि तोही एकसारखा. बांगडी, खोकला, कुजबुज असे थांबत-थांबत येणारे आवाज डोक्यात शिरले की वाचलेलं सगळं बाहेर पडतं. आता याला ऑटिझमचं लक्षण म्हणतात. तेव्हा आमच्या बिलोलीत 'जरा येडी हाय' म्हणत आणि आपापल्या कामाला लागत.

नांदेडच्या होस्टेलात बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी मी सपाटून नापास झाले. वडिलांनी मग लातूरला आत्याकडे धाडलं. तिच्या भिंतीला लागून डाळमिल होती. दिवसभर घरघर. भांडी थरथरायची, आत्या वैतागायची आणि मी खुशीत सेंद्रिय रसायन पाठ करायची. मार्क बघून सगळे चाट पडले.

शेवटच्या वर्षी पावसानं दडी मारली. तूर आली नाही, मिल बंद पडली आणि तिच्याबरोबर माझं डोकंही. यंदा नापास झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

मला वाचवलं नव्या जिल्ह्यानं. लातूर जिल्हा झाला, साहेबलोक आले, माळावर नवीन नगरं उठली आणि नळ कोरडे म्हणून जो तो बोर घ्यायला लागला. आमच्या गल्लीत बोरची गाडी लागली तशी मी पुस्तक घेऊन धावत सुटले. कानठळ्या बसवणारा आवाज, अंगभर पांढरी धूळ, आणि डोक्यात कशी लख्ख शांतता. मी हरखून गेले. गाडी पुढच्या गल्लीत गेली, मी मागं. त्याच्या पुढच्या गल्लीतही मी हजर.

योगायोगानं सगळीकडं पाणी लागलं. झालं, लोकांनी मला जमिनीतलं पाणी ओळखणारी पाणाडी ठरवलं.

"ताईला जरा आमच्या प्लॉटवर बसवा की, बोर घ्यायलोय," म्हणत माणसं दारात यायची.

आत्या तोऱ्यात सांगायची, "आज न्हाई जमायचं. तिचं थर्मोडायनॅमिक्स चालू हाय."

मला खुर्ची, छत्री, चहा मिळायला लागला. एका ठिकाणी पाणी लागेना, तेव्हा मालक काकुळतीला येऊन म्हणाला, "ताई, धडा बदलून बघा." मी बदलला. पाणी नाही लागलं, पण धडा पाठ झाला.

परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र नुसती पेनांची खरखर आणि चपलांची फटफट. पेपर समोर, उत्तरं गायब. घाबरून मी तोंडातल्या तोंडात घर्रर्र सुरू केलं. पहिलं समीकरण आलं. दुसरं आलं. मग सर आले.

"काय चालवलंय हे?"

मला खोटं जमत नाही. त्यांच्या शर्टाच्या बटणाकडं बघत मी म्हणाले, "बोर, सर. बंद केला की मला काहीच आठवत न्हाई."

हॉल फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. आता हे बाहेर काढणार, शिक्षण संपलं, असं समजून मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी खरंच मला उठवलं आणि बाकाचं एक टोक स्वतः उचललं.

"ते टोक धर," ते म्हणाले. "व्हरांड्यात बसून कर काय आवाज करायचा तो."

असं नुसतं सांगून चालतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. व्हरांड्यात मी गळा मोकळा सोडला आणि लिहीत सुटले. मध्ये थांबले ती फक्त पुरवण्या मागायला.