बुटांचं झाड आणि ओरिनचा बेत

ओरिन टॅकेटला बोलता येत नाही असं आमच्या ड्राय फोर्क गावात कुणी म्हणणार नाही. येतं त्याला, पण जपून वापरतो. एकतीस वर्षं तो नेवाडातले कच्चे रस्ते यंत्रानं सपाट करत एकटा हिंडला, आणि त्या घरघरीत बोलणार कुणाशी? आता सदुसष्टाव्या वर्षी दिवसाला वीसेक शब्द खर्च होत असतील, त्यातले निम्मे कुत्र्यावर.

आणि हा बाबा प्रेमात पडला कुणाच्या, तर लुएला ब्रँटच्या. लुएला म्हणजे आमची पोस्टमास्तरीण. सकाळी आठला खिडकी उघडली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू, तो खिडकी बंद झाली तरी आतून ऐकू यायचा. आमच्याकडे टपाल घरपोच येत नाही, ज्यानं त्यानं पोस्टात जाऊन आपल्या पेटीतून आणायचं. पण पार्सल असेल तर ते लुएलाच्या हातूनच घ्यावं लागतं. हे ध्यानात आल्यापासून ओरिननं कॅटलॉगमधून वस्तू मागवायचा धडाका लावला. नऊ वर्षांत अकरा टॉर्च, एक अकॉर्डियन आणि अंगणातला बर्फ उपसायचं यंत्र, तेही वाळवंटात. अख्ख्या गावाला सगळं कळत होतं. लुएलाला कळत नव्हतं, किंवा ती तसं दाखवत होती.

मग मे महिन्यात लुएला निवृत्त झाली आणि तिनं सांगून टाकलं, येत्या मंगळवारच्या बसनं ती ओरेगनला बहिणीकडे चालली, कायमची. ओरिनच्या पायाखालची वाळूच सरकली. शनिवारी सकाळी तो टोपी हातात धरून तिच्या दारात उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, जायच्या आधी बुटांचं झाड बघायला येतेस का. एवढं लांब वाक्य ऐकून तिनं आधी त्याला ताप आहे का ते विचारलं, मग पर्स उचलली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

बुटांचं झाड आमच्या गावापासून ऐंशी मैलांवर, हायवेच्या कडेला. सगळ्या उजाड मुलखात तेवढं एकच झाड, कॉटनवुडचं, आणि त्याला पानांपेक्षा बूट जास्त. दोन बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधायच्या, गरगरा फिरवायचे आणि द्यायचे भिरकावून. पहिल्याच फेकीत अडकले तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. आणि एकदा वर गेलेलं खाली काढायचं नाही. काढणाऱ्याचं वाटोळं होतं, हे आमच्याकडची शिकलेली माणसंसुद्धा मानतात.

ओरिनचा बेत साधा होता. बेत करायला तोंड लागत नाही, त्यामुळे त्यात तो हुशार. आमच्याकडे बूट हातात आला की माणूस आधी तो उपडा करून झटकतो, आत विंचू असतो म्हणून. तान्ह्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. तेव्हा ओरिननं एक जुना जोड घेतला आणि डाव्या बुटाच्या पार टोकाशी अंगठी टाकली. लुएला बूट घेणार, झटकणार, अंगठी वाळूत पडणार, आणि पुढचं सगळं तीच बोलणार. बोलण्याचं काम तिच्याकडेच सोपवलं होतं त्यानं.

वाटेत दोघांनी हॅम सँडविच खाल्ली. लुएला ऐंशी मैल अखंड बोलली. ओरिन दोनदा ‘हं’ म्हणाला आणि घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

झाडाखाली मोटारसायकलवाल्यांचं एक टोळकं फोटो काढत होतं. ओरिननं बूट लुएलाच्या हातात दिले. ती नाड्या बांधायला लागली. बांधतच राहिली.

“झटक ना,” ओरिन कसाबसा म्हणाला.

“कशाला? मी काय पायात घालतेय? असला विंचू तर त्यालाही जरा फिरून येऊ दे,” असं म्हणून बाईनं बूट डोक्यावर गरागरा फिरवले आणि दिले सोडून.

पहिल्याच फेकीत अडकले. तेही शेंड्याच्या फांदीला. टोळक्यानं टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या, लुएलानं जागच्या जागी एक गिरकी घेतली. ओरिनचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

मग त्यानं जे केलं त्यावर गाव अजून हसतं. त्यानं पायातला एक बूट काढला आणि वरच्या जोडावर नेम धरून फेकला. तो अडकला. दुसरा फेकला. तोही अडकला. तापलेल्या खडीवर नुसत्या मोज्यांत उड्या मारत तो टोपी फेकायला निघाला, तेव्हा लुएलाचं हसून हसून पोट दुखायला लागलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. टोळक्यातल्या एका दाढीवाल्यानं मदत म्हणून स्वतःचा बूट फेकला. त्याचंही तेच झालं.

शेवटी ओरिन खोडाला मिठी मारून चढायलाच लागला. आता मात्र लुएलाचं हसू थांबलं. तिनं त्याच्या पँटचे खांद्यावरचे पट्टे मागून धरले आणि ओढून खाली आणलं. “अरे मेल्या, वेड लागलंय का? वर गेलेलं काढतात का कुणी? काय एवढं सोनं लागलंय त्या बुटांना?”

“अंगठी आहे आत.”

“कुणाची?”

ओरिननं झाडाकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं. आता त्याच्यासाठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

“तुझी. म्हणजे, तू घेतलीस तर. मला ते टॉर्च नको होते, लुएला. एकसुद्धा नको होता. तुझ्या खिडकीशी यायला दुसरं निमित्तच सुचत नव्हतं. मंगळवारी जाऊ नकोस.”

लुएला गप्प झाली. लुएला ब्रँट, गप्प. मोटारसायकलवालेसुद्धा गप्प झाले, त्यांना तर त्यात विशेष काय हेही ठाऊक नव्हतं. मग लुएलानं एकदा त्या शेंड्याच्या फांदीकडे पाहिलं.

“नऊ वर्षं,” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी एकटीनं बडबडायचं आणि तू पार्सलची सही करून जायचं. ते काही यापुढे मला जमायचं नाही, ओरिन. अंगठी राहू दे तिथंच. तिच्यावाचून माझं अडत नाही. मी राहते. पण घरी पोचेस्तोवर मी एक अक्षर बोलणार नाही. बोलायचं तू.”

पिकअप तिनंच चालवली, कारण त्याच्या तळपायांना फोड आले होते. पहिले दोन मैल शांततेत गेले. मग ओरिन खाकरला आणि त्यानं सांगायला सुरुवात केली: हा रस्ता कच्चा होता तेव्हा हे वळण त्यानं कुठल्या साली सपाट केलं, इथं पुरात यंत्र कसं रुतलं, त्या टेकडीखाली बसून जेवताना आज काय पार्सल मागवावं याचा तो कसा विचार करायचा. लुएलानं रस्त्यावरून नजर काढली नाही. ताशी तीस मैलांच्या वर काटा काही तिनं जाऊ दिला नाही.