गुरूच्या पोटातली पोकळी

रविवारी दुपारी जेवण अंगावर येतं, तेव्हा रेवणकर सर खुर्चीतच डोकं मागे टेकतात. डोळे मिटायचा प्रश्न नसतो, ते जन्मापासून मिटल्यासारखेच आहेत. झोप आली हे त्यांना कळतं ते पंख्याच्या आवाजावरून. तो लांब जातो, मग आणखी लांब, आणि त्याच्या जागी कुणीतरी कागद फाडायला लागतं.

सर दचकत नाहीत. इतक्या सावकाश कागद फाडणारी एकच बाई त्यांना माहीत आहे. त्यांची बायको. ती श्रावणात गेली.

लोक विचारतात, जन्मांध माणसाला स्वप्नं पडतात का हो? पडतात, आणि तुमच्याआमच्यापेक्षा धडधाकट पडतात. आपल्याला गेलेलं माणूस नुसतं दिसतं. सरांना ते हाताला लागतं.

"सिंधू?"

"अहो, पाय आवरा. खळ सांडेल."

पायाखाली घरची गार फरशी असते, ती तेवढ्यात तागाची चटई होते. म्हणजे ही अंधशाळेतली विज्ञानाची खोली. लांब टेबलावर सिंधूताईंनी केलेले ग्रह ओळीने मांडलेले आहेत. नवऱ्याच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातली चित्रं काय कामाची, म्हणून या बाईंनी घरी कागदाचा लगदा आणि मैद्याची खळ घेऊन ग्रह केले, डब्यासारखे उघडणारे. पृथ्वी उघडली की बोटांना आधी खरखरीत वाळू लागते, मग मेण, मग तेल भरलेली पिशवी आणि मधोमध लोखंडी गोळी. बुध म्हणजे लहानशा आंब्यात भलीमोठी कोय. मुलं तो एकमेकांच्या हातातून हिसकावून घेतात.

शेवटचा गुरू. बाहेर सैल कापूस, आत दाबून दाबून भरलेला कापूस, त्याच्याही आत चंदेरी कागदाचा गच्च थर, आणि मधोमध मूठभर पोकळी. तिथे काय घालायचं हे ठरायच्या आधीच ताई आजारी पडल्या. आता मुलं त्या पोकळीत बोटं घालून विचारतात, "सर, गुरू आतून रिकामा असतो?" चित्रकलेचे ढवळे सर भला माणूस. सोमवारी येताना एक मोठी गोटी आणून बसवतो म्हणाले. रेवणकर सर हो म्हणाले खरं, पण तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नाही. गोटी बसली की गुरू पुरा होणार, आणि सिंधूचं अर्धवट राहिलेलं शेवटचं कामही संपणार.

"आत काय घालणार होतीस, तेवढं सांग," सर म्हणतात.

"बसा तर आधी."

ते बसतात तर खाली लोखंडी बाक, भोकाभोकांचा. फिनेलचा वास. हे इस्पितळ. इथे सलाइनच्या पट्टीमुळे तिचा हात त्यांना नीट धरताच आला नव्हता. आता ते चाचपतात तर पट्टी नाही, नुसता हात आहे, नेहमीचा, खळीने चिकट.

"दुखतंय का गं अजून?"

"छे! आता काय दुखायचंय? तुमचीच बोटं किती गार पडलीत."

गुरू सरांच्या मांडीवर असतो आणि वाढत जातो. त्यांचा हात कापसात कोपरापर्यंत जातो, मग खांद्यापर्यंत, आणि तिचा हात त्यांच्या हाताबरोबर. कापूस घट्ट होत जातो, पण सैल कुठे संपला ते त्यांच्या तरबेज बोटांनाही सापडत नाही.

"मधे काय आहे, सिंधू?"

"मला तरी कुठे ठाऊक? तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना, मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही एकमत नाही म्हणून. कोय आहे, की विरघळून सगळ्यात मिसळून गेलीय."

"मग मुलांना काय सांगू?"

"माहीत नाही म्हणून सांगा. त्यात लाज कसली? मास्तर आहात म्हणून?"

सरांना रडू फुटतं. इतके दिवस दाबून धरलेलं, लहान मुलासारखं. "मला एकट्याला नाही गं जमत."

"हलू नका," ती म्हणते आणि त्यांची बोटं मुठीत घट्ट धरते. "खळ ओली आहे. वाळेपर्यंत असंच राहायचं."

सर हलत नाहीत. श्वाससुद्धा बेताने घेतात. पण पंख्याचा आवाज जवळ यायला लागतो.

जाग आल्यावर ते सवयीने ब्रेलचं घड्याळ उघडतात, तर काटे बोटांना कळतच नाहीत. अंगठा घासून बघतात. बोटांच्या टोकांवर कोरडा, कडक पापुद्रा आहे. हात नाकाशी नेतात. मैदा, आणि कीड लागू नये म्हणून ती त्यात घालायची तो मोरचूद. श्रावणानंतर या घरात कुणी खळ शिजवलेली नाही.

बऱ्याच वेळाने ते डाव्या हाताने फोन लावतात.

"ढवळे, ती गोटी आणू नका."

"बरं सर. मग आत काय घालायचं?"

"माहीत नाही," सर म्हणतात. "मुलांनाही मी तेच सांगणार आहे."

उद्या हात धुवावाच लागणार, कारण वाचायचं असतं ते याच बोटांनी. पण त्या रात्री सर डाव्या हाताने जेवतात. ती असती तर ओरडली असती.