पाकधे वार्तोयोंची निवड

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या वाद्यांच्या दुकानात पाकधे वार्तोयो तीन तास उभे होते. विक्रेत्याने दोनदा स्टूल पुढे केलं, पण त्यांनी ते पायाने बाजूला सारलं.

पाकधे म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. स्रागेनजवळच्या आमच्या गावात दार्सोनोंचं लग्नात वाजवणारं मंडळ आहे. त्यांच्या गामेलानमध्ये, म्हणजे कांस्याची पाती आणि घंटा हातोड्यांनी वाजवणाऱ्या संचात, बसून पाकधेंनी पस्तीस वर्षं एकच जुना सिंथेसायझर वाजवला. गुळाच्या पाकातून बासरी वाजावी तसा त्याचा आवाज. गायिका बू लास्मी एक ओळ म्हणायच्या आणि पाकधे तिला उत्तर द्यायचे. जेवणारी माणसं त्या उत्तरासाठी हातातला घास थांबवायची.

यंदा त्या यंत्रातली चिप गेली. क्लातेनच्या कारागिराने झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि आम्हाला चहा पाजला.

"वार्तो, शनिवारी गावप्रमुखाच्या मुलीचं लग्न," दार्सोनोंनी बजावलं होतं. "तो आवाज असेल तर तू बस. नसेल तर बोयोलालीचा एक जण लॅपटॉप घेऊन यायला तयार आहे."

म्हणून पाकधेंची मोटारसायकल विकून आम्ही दुकानात आलो होतो. मी सोलोतच शिकते, त्यामुळे सोबत म्हणून मी.

पाकधेंनी जुन्या यंत्राचा आवाज भरलेली कॅसेट आणली होती. एका कानाला कॅसेट, दुसऱ्या कानाला दुकानातलं यंत्र, असं त्यांनी तीन यंत्रं तपासली. पहिलं लगेच बाद झालं. दुसऱ्यावर विक्रेता बराच बोलला. त्यात म्हणे एकेका स्वरपट्टीचा सूर हवा तसा वर-खाली करता येतो.

"डब्यात मुंगळा कोंडल्यासारखं वाजतंय," पाकधे म्हणाले. "मुंगळ्याला सुरात आणून काय करू?"

तिसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ऐकत डोळे मिटून घेतले.

"काका, यात जुनेपणाचं बटण आहे," विक्रेता म्हणाला. "फिरवलं की यंत्र म्हातारं होतं."

"आणि उलटं फिरवलं की वाजवणारा तरुण होतो का रे?"

आम्ही हसलो. पाकधेंनी तेच घेतलं. परतीच्या बसमध्ये खोकं त्यांनी मांडीवर धरलं होतं, शेजारच्या बाईने दोनदा सांगूनही खाली ठेवलं नाही.

बुधवारी दुपारी तालीम होती. पाकधेंनी एकट्याने सूर लावला तेव्हा बू लास्मी म्हणाल्या, "अगंबाई, परत आला की!" मग सगळे वाजवू लागले आणि चौथ्या ठोक्याला कांस्यवाल्यांचे हातोडे आपोआप थांबले. दात आंबावेत तसं वाजत होतं.

दार्सोनो उठून आले. त्यांनी आधी एक कांस्याचं पातं वाजवलं, मग पाकधेंची स्वरपट्टी दाबली.

"पातं कुठलं नेलं होतंस दुकानात?"

पाकधेंनी आवाजाचं बटण खाली केलं.

"वार्तो, पातं नेलं होतंस ना?"

आमच्याकडे प्रत्येक गामेलानचा सूर वेगळा. या गावाचा त्या गावाला लागत नाही. लोहाराकडे साधी एक घंटा करायला टाकली तरी माणूस आपल्या संचातलं पातं फडक्यात बांधून नेतो. हे पोराटोरांनाही ठाऊक. पाकधे मात्र कॅसेट घेऊन गेले, आणि टेपचा वेग कमीजास्त होत असल्याने तिच्या सुराचा भरवसा नसतो. त्यांनी आवाजाचा पोत जुळवला, सूर नाही. जुनं यंत्र तापलं की त्याचा सूर खाली घसरायचा, वरच्या सप्तकात जास्तच. पस्तीस वर्षांपूर्वी दार्सोनोंच्या वडिलांनी त्या तापलेल्या यंत्राला जुळवून सगळी पाती घासून घेतली होती. नव्या यंत्राचा सगळा सूर एकदम खाली आणता येत होता, पण एकेक स्वरपट्टी हलवता येत नव्हती.

मी दुकानात फोन लावला. ते दुसरं यंत्र विकलं गेलं होतं. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही म्हणाले.

दोन दिवस पाकधे यंत्रापुढून उठले नाहीत. एका हाताने पातं वाजवायचं, दुसऱ्याने स्वरपट्टी, आणि जुळली की तिच्यावर खडूचा ठिपका. भात झाकलेला तसाच राहिला. शुक्रवारी मी ठिपके मोजले. एकसष्ट स्वरपट्ट्यांत पाच.

संध्याकाळी ते दार्सोनोंच्या ओसरीवर गेले. मी पायरीवर उभी होते.

"कांग," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत पाकधे म्हणाले, "पाती एकदा घासून घे. शेवटचं. त्याआधी गाँगच्या मोठ्या घंटेपुढे नैवेद्य मी ठेवतो."

"बापाने एकदा घासलंय तुझ्यासाठी," दार्सोनो म्हणाले. "कांसं आहे ते, नखं नव्हेत परत वाढायला."

"मग मी कुठे जाऊ?"

दार्सोनोंनी चहाचा पेला त्यांच्याकडे सरकवला. "उद्या ये. पाच तर पाच. पण चुकीचा एक सूर लागला, तर मीच वायर काढीन."

शनिवारी सकाळी मांडव भरला. पाकधेंनी इस्त्रीचा बाटिक सदरा घातला होता. पहिल्या गाण्यात बू लास्मींनी ओळ म्हटली आणि सवयीने मागे वळल्या. पाकधेंची बोटं पुढे सरकली. उत्तराचा पहिला सूर ठिपक्याचा होता, तो लागला. दुसरा नव्हता. बोट स्वरपट्टीच्या वर थांबलं. मांडवात कुणीतरी चमचा खाली ठेवला.

बू लास्मी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग लोकांकडे तोंड करून पाकधेंचं उत्तर त्यांनी स्वतःच गायलं, त्यांच्याच वळणांसकट, शेवटच्या घसरत्या सुरापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या ओळीनंतर त्या मागे वळल्या नाहीत.

पाकधेंनी हात मांडीवर घेतले आणि गाणं संपेपर्यंत ते तिथेच, ताठ, बसून राहिले.