न वाचलेली अकरा पुस्तकं

वाचनानं माणूस घडतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते. नववीच्या वर्षात मी अकरा पुस्तकं वाचली, आणि त्यांतल्या एकालाही माझं बोट लागलेलं नव्हतं.

आमची कन्या शाळा ढोकीच्या रस्त्यावर होती. शाळेचं ग्रंथालय म्हणजे क्रीडा खोलीतलं एक लोखंडी कपाट. ग्रंथपालाची जागा कधी भरलीच गेली नव्हती, म्हणून किल्ली पीटीच्या सरांकडं असायची. सर खो-खो जीव लावून शिकवायचे. पुस्तकांना मात्र ते जरा बिचकून असत. कपाटाला टेकवून भाले, थाळ्या आणि उंच उडीचे खांब ठेवलेले असत. एखादं पुस्तक काढायचं तर आधी मैदानी स्पर्धा हलवाव्या लागायच्या.

मला वाचायची सवय होती, पण ती आमच्या किराणा दुकानात लागलेली. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीत जुने दिवाळी अंक असत. त्यांतल्या रहस्यकथा मी गल्ल्याशेजारी उभी राहून वाचायचे. बहुतेकींचा शेवट कुणाच्या तरी घरी साखरेबरोबर गेलेला असायचा, त्यामुळे गुन्हेगार मलाच ठरवावा लागे. होता होता दिसेल त्या माणसावर संशय घ्यायची सवय झाली, आणि ती सवय नववीत फार उपयोगी पडतेय असं मला वाटत होतं.

एका गुरुवारी सरांनी मला सरावातून बाजूला बोलावलं. "शनिवारी तू कळंबला यायचं न्हाय," ते म्हणाले.

शनिवारी कळंबला तालुक्याच्या खो-खो स्पर्धा होत्या. दोन वर्षं राखीव खेळाडूंत बसून मी यंदा पहिल्यांदा मैदानात उतरणाऱ्या नऊ जणींत आले होते, आणि नऊतही नववी होते.

"का सर?"

"शाळेत तपासणी हाय. सगळ्यांत जास्त वाचणारी पोरगी पथकापुढं बसवायचीय."

"कोण हाय ती?"

"तूच की."

त्यांनी ग्रंथालयाची नोंदवही उघडून दाखवली. माझ्या नावापुढं अकरा पुस्तकं होती. कुक्कुटपालनावर एक, विजेच्या बचतीवर एक, दोन संतचरित्रं, एका समाजसुधारकाचं भलंथोरलं चरित्र आणि आणखी काय काय. सगळी घेतलेली, सगळी वेळेत परत केलेली.

"सर, ही मी वाचली न्हाईत."

"नोंद हाय."

"मग आता तरी एखादं द्या. दोन दिवसांत वाचून काढते."

"वाचलेलं परत कशाला न्यायचं?" सर म्हणाले आणि शिट्टी वाजवत मैदानात गेले.

माझ्या जागी मुख्याध्यापिका बाईंची भाची खेळणार होती. ती जूनमध्येच लातूरहून आमच्या शाळेत आली होती आणि आल्या आल्या संघात राखीव झाली होती. माझ्या डोक्यात एकेक दुवा जुळायला लागला. बाई सरांच्या रजेवर सही करतात. सर बाईंना 'मॅडम' म्हणताना एक पाऊल मागं सरकतात. नोंदवहीतली शाई निळी आहे आणि बाईंचा पेन निळाच आहे. शाळेतले सगळेच पेन निळे होते, याकडं मी दुर्लक्ष केलं.

"बये, काटा काढला तुझा," शेजारच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली. घरी आईनंही तेच ऐकवलं. "फुकट कुणी कुणाला हुशार म्हणत न्हाय. त्या सरांच्या मनात कायतरी हाय." भाचीनं शुक्रवारी स्वतःहून माझ्यापाशी येऊन सांगितलं, "तू असतीस तर बरं झालं असतं." हे ऐकून तर माझी खात्रीच पटली. निर्दोष माणूस असं बोलत नाही.

शनिवारी सकाळी संघ जीपनं गेला. तपासणीमुळे सरांनाही थांबावं लागलं, म्हणून चित्रकलेच्या बाई बरोबर गेल्या. खो-खोत कितीजणी बसतात आणि कितीजणी पळतात, हे त्या वाटेत विचारून घेणार होत्या.

पथकात तीन जण होते. नारळ, हार, स्वागतगीत, पुन्हा हार असं सगळं झाल्यावर त्यांतले मुख्य साहेब नोंदवही चाळू लागले. टेबलावर माझी अकरा पुस्तकं रचून ठेवली होती. ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नवीकोरी होती.

"यातलं सगळ्यांत आवडलेलं कोणतं, बाळ?"

सर भिंतीला टेकून उभे होते. मला खरं सांगता आलं असतं. पण पुढच्या वेळी नऊ जणी निवडणार होते ते सरच. मी समाजसुधारकाच्या चरित्राकडं बोट दाखवलं.

"काय आवडलं त्यात?"

अशा चरित्रात काय असतं याची मला साधारण कल्पना होती. मी सांगितलं की त्यांचं बालपण फार गरिबीत गेलं, ते दिव्याखाली बसून शिकले, गावानं त्यांना आधी वाळीत टाकलं आणि नंतर त्यांचा पुतळा उभारला.

साहेबांनी मान डोलावली. "शेवट वाचताना डोळ्यांत पाणी आलं असेल."

"व्हय सर."

"माझ्याही आलं होतं," साहेब म्हणाले. कौतुकानं त्यांनी ते पुस्तक उचलून दुसऱ्या दोघांना दाखवलं. तेव्हा मला त्याच्या पाठीवरची अक्षरं दिसली: खंड पहिला.

पथक जेवायला बसलं तसे आम्ही निघालो. साडेबाराची कळंब गाडी धरली तर दुपारचा सामना मिळेल, असं सर म्हणत होते. गाडीत ते माझ्यापुढच्या बाकावर बसले. बराच वेळ धीर गोळा करून मी विचारलं, "सर, माझंच नाव का घातलं?"

"कशात?"

"पुस्तकांत."

ते मागं वळले. "तुझा रोल नंबर एक हाय. दर आठवड्याला वही भरायला बसायचो. एकपासनं सुरू करायचो, नऊ-दहापर्यंत गेलं की कंटाळा यायचा. पुढच्या आठवड्याला परत एकपासनं." मग म्हणाले, "चाळीस नंबरच्या पोरीनं एकबी वाचलं न्हाय. पथकाच्या ध्यानात आलं न्हाय म्हणून बरं."

"आणि मॅडमची भाची?"

"तिचं काय?"

इतका साधा खुलासा मला पटण्यासारखा नव्हता. कळंब येईपर्यंत मी त्यांच्या मानेकडं बघत बसले. घाम येतोय का ते पाहत होते. येत होता, पण तो सगळ्या गाडीलाच येत होता.

मैदानावर पोचलो तेव्हा सामना संपला होता. पोरी झाडाखाली केळी खात होत्या. आम्ही एका गुणानं जिंकलो होतो. चित्रकलेच्या बाईंनी सगळ्यांच्या वेळा वहीच्या मागच्या पानावर सुबक अक्षरांत लिहून ठेवल्या होत्या. त्या मी दोनदा तपासल्या. माझ्या जागी उतरलेल्या भाचीनं बाद न होता तीन मिनिटं दहा सेकंद पळून काढली होती. मी तोपर्यंत कधी एक मिनिट चाळीसच्या पुढं गेले नव्हते.