नानांनी परत पाठवलेली बोअरची गाडी

बोअरची गाडी नानांच्या बांधावर उभी होती आणि नाना तिला परत पाठवत होते. ड्रायव्हर तणतणत होता. मी मात्र मनातून खूश होतो. माझ्या नोकरीत एवढं यश मी कधी पाहिलं नव्हतं.

मी भूजलाचं काम करतो. भडगावकडच्या त्या गावात विहिरींचं पाणी दरवर्षी खाली चाललं होतं. मी स्लाइड दाखवल्या. अ‍ॅक्विफर म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, तो सगळ्या शिवाराखाली एकच असतो, असं घसा कोरडा करून सांगितलं. लोक जांभया देत घरी गेले. जळगावला साहेब म्हणाले, "तुमचे ग्राफ मलाच कळत नाहीत. गाणंबिणं बसवा काहीतरी."

म्हणून नानांना गाठलं. नाना त्याच गावचे केळीवाले आणि वही गाणारे. वही म्हणजे डफावर म्हणायची आमच्याकडची लोकगाणी. माझं सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे मी बोअर मारा ते शेजारनी विहीर आटस?"

"आटू शकते, नाना."

त्यांनी खुंटीवरचा डफ काढला. मग गाणं रचलं: 'बठ्ठासनी माय एकच शे रे, तिले ओरबाडू नका.' म्हणजे जमिनीखालचं पाणी ही सगळ्यांची एकच आई आहे. चौकात ते गायले तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी फोटो वर पाठवले.

नानांनी स्वतःसाठी सांगून ठेवलेली गाडी दुसऱ्याच दिवशी आली. ते मला म्हणाले, "काल चौकमा गायं, नि आज बोअर मारू? लोकेसले तोंड कसं दखाडू?"

गाडी परत गेली, पण फार लांब नाही. शेजारच्या शेतात थांबली. मग त्याच्या पलीकडच्या. टाळ्या वाजवणारेच होते सगळे.

उन्हाळ्यात नानांची विहीर आटली. मी गेलो तेव्हा भरत आलेल्या घडांसकट केळी मधोमध मोडून पडल्या होत्या. शेजारी हिरवंगार. मला रडू आवरेना. नानाच माझी समजूत काढू लागले.

"गानं खोटं नव्हतं, साहेब. पन मी एकलानीच आयकं."

पाणी सामाईक असेल तर एकट्याला पटवणं म्हणजे त्या एकट्याला बुडवणं. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. आता मी आधी सगळ्या शिवाराचा बोअर न मारण्याचा ठराव मागतो, गाणं नंतर. अजून एकाही गावाने तो केलेला नाही. नानांचा डफ खुंटीला आहे.