माझ्या सत्काराच्या दिवशीची कुलपं

सांगतो, पण एक अट आहे. काय हसायचं ते माझ्यासमोर हसा. घरी येऊन आमच्या हिच्यासमोर नको, तिला अजून अर्धीच गोष्ट माहीत आहे.

मी इथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मूळचा माळशिरसचा, पण सोलापुरात इतकी वर्षं काढलीत की आता उन्हाळ्याला नावं ठेवायचंही सोडून दिलंय. गेल्या वर्षी एका सरकारी खात्याकडून काम आलं. आपल्याकडे शाळेचे युनिफॉर्म शिवणारे छोटे छोटे कारखाने आहेत ना, खाली मशिनी आणि वर घर? त्यातल्या काही लोकांना एकत्र करून सरकारनं क्लस्टर केलंय. म्हणजे एकट्याला न परवडणारं मोठं कटिंग मशीन सरकारी मदतीनं एका जागी बसवायचं आणि सभासदांनी ते आळीपाळीनं वापरायचं. त्या जागेला सगळे 'सेंटर' म्हणतात. या योजनेचा लोकांना फायदा झाला की नाही, हे मी तपासायचं होतं.

तपासणीवर एक गोष्ट अडली होती. सभासदांना दुसरं कटिंग मशीन हवं होतं. एका मशीनपुढे सगळ्यांची रांग लागायची, आणि युनिफॉर्मचा धंदा सगळा शाळा उघडायच्या आतला. शाळा सुरू झाल्यावर शिवलेली चड्डी कोण घेतो हो? माझ्या अहवालात 'द्या' असलं तर मशीन मिळणार, 'नको' असलं तर विषय संपला.

आता साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर काय काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. दारात रांगोळी, हार, नारळ, सोलापुरी चादर. मग दोन निवडक कारखाने दाखवायचे, पोटभर जेवू घालायचं आणि गाडीत बसवायचं. मी म्हटलं, आपण त्यातले नाही! आपण इथलेच, आपल्याला कोण शेंडी लावणार? सेंटरवर सकाळी येतो असं रीतसर कळवलं, आणि सेंटरला वळसा घालून मागच्या गल्लीतून पायी पायी थेट कारखान्यांत शिरलो.

आणखी एक हुशारी केली. तुम्ही सभासद आहात का, हे कुणाला विचारायचंच नाही. सभासद म्हटलं की माणसाला वर्गणी आठवते आणि त्याचं तोंड मिटतं. फायदा झाला का, एवढंच विचारायचं. ही पद्धत मी वर्गातही शिकवतो, काय सांगायचं!

गल्लीत बघतो तर निम्मे कारखाने जोरात चालू आणि निम्म्यांना भलीमोठी कुलपं. मी उभ्या उभ्या निष्कर्ष काढला. चालू आहेत ते योजनेतले, बंद आहेत ते योजनेबाहेरचे. दुसरं काय असणार? कुलपांचे फोटोही काढून घेतले. तुलना करायची तर पुरावा नको?

पहिल्याच चालू कारखान्यात मल्लेशअण्णा भेटले. गळ्यात टेप, कानावर खडू, समोर निळ्या कापडाचा ढीग.

"अण्णा, क्लस्टरचा काही फायदा झाला का?"

"झाला की सर! लई झाला."

"म्हणजे नेमकं काय झालं?"

"आर्डरी वाडल्या बगा. आदी मी गिऱ्हाईक हुडकत फिरायचो, आता गिऱ्हाईक मला हुडकत येतंय."

"हे कधीपासून?"

"क्लस्टर झालं तवापासनंच की."

"आणि कटिंगसाठी थांबावं लागतं का हो?"

"छ्या! कशाला थांबतोय? कापड आलं की लगेच कापायला घेतो."

बघा, झालं की नाही काम? त्यांनी मला चहा पाजला, शेजारच्या आणखी तीन-चार कारखान्यांत नेलं. सगळीकडे तेच उत्तर. क्लस्टर झालं ते बरं झालं! एकही तक्रार नाही. इतकी खूश माणसं मी सरकारी योजनेच्या संदर्भात उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. तिथंच शंका यायला हवी होती. आली नाही.

दरम्यान फोन सायलेंटवर होता. दुपारी बघतो तर सेंटरवरून आलेल्या मिस्ड कॉलची माळ. 'कामात होतो, पाहणी पूर्ण झाली, धन्यवाद' असा मेसेज टाकला आणि घरी येऊन जेवलो.

अहवाल झकास उतरला. योजना अत्यंत यशस्वी. कटिंगसाठी कुणालाही थांबावं लागत नाही. सबब दुसऱ्या मशीनची आवश्यकता नाही.

मग खात्यानं हॉलमध्ये बैठक ठेवली. मधोमध अधिकारी मॅडम, समोर क्लस्टरचे सगळे सभासद, आणि मांडणी करायला मी. आदर्श लाभार्थी म्हणून मल्लेशअण्णांचा सत्कार करावा, ही कल्पनाही माझीच. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. सभासद त्यांच्याकडे टकामका बघत होते. मला वाटलं, जळतायत.

मी पडद्यावर कुलपांचे फोटो लावले आणि आवाज चढवला. "हे बघा योजनेबाहेरचे लोक! ऐन कामाच्या वेळी दाराला कुलूप! जो संघटित होत नाही, त्याची ही गत होते!"

मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. सुशीलाअक्का. डोक्यावर पदर, आणि आवाज असा की माईकची गरज नाही.

"ओ सर, ते माजं कुलूप हाय."

"तुमचं? म्हणजे तुम्ही क्लस्टरमध्ये नाही?"

"न्हाय कशी? उपाध्यक्ष हाय मी!"

"मग कारखाना बंद का होता?"

"तुमच्यामुळं की! तुमचा सत्कार करायचा म्हून आमी समदे कुलपं घालून सेंटरवर बसलो हुतो. दुपारपतुर बसलो. हार सुकला, भात गार झाला, पर तुमी काय आला न्हाय!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "फुडचा फोटू बी लावा सर, माजं बी कुलूप असंल त्यात." आणि जे हसू फुटलं म्हणता! मॅडमनी फाइल तोंडापुढे धरली, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

मी शेवटचा आधार म्हणून अण्णांकडे वळलो. "अण्णा, तुम्ही तरी सभासद आहात ना?"

"न्हाय सर."

"मग मला फायदा झाला म्हणून का सांगितलंत?"

"झाला म्हून सांगितला! खोटं कशाला बोलू?" अण्णा शांतपणे उभे राहिले. "ह्यांची मीटिंग असली की कुलूप. ट्रेनिंग असलं की कुलूप. साहेब आला की कुलूप. राहिलेल्या दिवशी एका मशीनपुढं लाइन. शाळावाला थांबतोय व्हय? त्यो येतोय माज्याकडं. माजी आपली हातातली कटिंग मशीन, कुणाची वाट बगायला लागत न्हाय. तुमी आला न्हवं, त्या दिवशी बी एक शाळा गावली मला."

"ती माजी शाळा हुती," सुशीलाअक्का म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "दरसाली माज्याकडंच शिवायची. कुलूप बगून गेली. आन् आता तुमीच लिवलं की मशीन नको म्हून. सीझनला आमी काय करायचं, सांगा की सर."

मला लाज वाटली. फोटोत मी त्यांच्या दाराची कडीसुद्धा नीट टिपली होती, पण ती कुणामुळे लागली ते मला दिसलं नव्हतं. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं, अहवाल चुकला, मी तो मागे घेतो. मॅडम म्हणाल्या, "तसं लिहून द्या. आणि परत जाऊन बघून या."

अक्का म्हणाल्या, "या. पर ह्या येळंला आमी कुलूप घालनार न्हाय. हार बी न्हाय."

मी गेलो, आणि या खेपेला आधी सेंटरवर गेलो. मशीनपुढे कापडाच्या थप्प्या लागलेल्या, अक्कांची थप्पी पार भिंतीपाशी. कुणी मान वर करून बघितलं नाही. चहासुद्धा विचारला नाही! रांगेतल्या पहिल्याच माणसाला मी शहाण्यासारखं विचारलं, "आपण सभासद आहात का?" तो म्हणाला, "आमी हाय. तुमी ते कुलपाचे सर का?"

नव्या अहवालात लिहिलं, दुसरं मशीन तातडीनं द्यावं. खाली आणखी एक ओळ घातली, साहेबांच्या भेटी कमी कराव्यात. ती ओळ वर जाता जाता कुठंतरी गळाली. मशीन मात्र मंजूर झालं. सरकारी काम, वेळ लागायचा तेवढा लागलाच, पण यंदाच्या सीझनच्या तोंडावर ते येऊन पोचलं.

आता पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे. आणि प्रमुख पाहुणा कोण? मी! खुद्द अक्कांचा फोन आला होता. "सर, तवाचा सत्कार राहिलाय तुमचा. समदे जमनार हाय, नक्की या." खरं सांगतो, मला भरून आलं. आमच्या हिला सांगितली ती अर्धी गोष्ट हीच.

काल संध्याकाळी मल्लेशअण्णांचा फोन आला.

"सर, उद्घाटनाला तुमी येनार म्हनं?"

"हो अण्णा! तुम्हीही या की."

"मला कुटलं जमतंय? तेवडी तारीक पक्की सांगा की सर. त्या हिशोबानं कापड भरून ठिवतो."