आण्णांची चौदा दिवसांची रजा

आमच्याकडे पाहुणे आले, चहा हातात पडला, की धाकटी लेक मोठ्या कौतुकानं सांगते, "आमचे पप्पा दोन वर्षं जेलात होते." पाहुणे कप खाली ठेवतात. मग मला खुलासा करावा लागतो, की बाबांनो, मी आत होतो तो पगारावर. तरी खरं सांगतो, तिथले कैदी माझ्यापेक्षा कितीतरी कामाचे होते.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. जयसिंगपुरात आमचं कापडाचं दुकान. घरात मातीला हात लावलेला माणूस शोधून सापडायचा नाही. बारावीला मार्क कमी पडले म्हणून मला शेतकी पदविकेला घातलं. ती पुरी झाली आणि कोल्हापुरात जेलच्या शेतीवर देखरेखीला माणूस हवा होता, तिथं मी तात्पुरता चिकटलो. शिक्षेची बरीच वर्षं सरलेले, वागणुकीला चांगले असे वीसेक कैदी सकाळी भिंतीबाहेर रानात यायचे. पांढऱ्या टोप्या वाफ्यांतून पसरायच्या. ऊस असायचा, वांगी, मेथी. भाजी आतल्याच भटारखान्यात जायची. या माणसांना शेती शिकवायची, असं माझ्या ऑर्डरीत लिहिलं होतं.

पहिल्याच दिवशी मी भर दुपारी वांग्याची रोपं लावायला सांगितली. सगळ्यांनी आधी उन्हाकडं, मग माझ्याकडं बघितलं. शेवटी एक साठीकडं झुकलेला, काटक माणूस पुढं आला.

"लावतो की साहेब. पर ह्या उन्हात लावली तर वांगी न्हाय, सरळ भरीतच निघंल."

शिपाईसुद्धा हसला. मी घड्याळात बघितलं, जणू मला चारचीच वेळ सांगायची होती. त्या दिवसापासून मी देखरेख करत होतो आणि शेती ते करत होते. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. माझा डबा आणि त्यांनी उपटलेला कोवळा मुळा, असं बांधावर बसून खाणं व्हायचं. नियमात बसत नव्हतं. मुळा मात्र तसा पुन्हा मिळाला नाही. मंडईतला मुळा मी आजही वास घेऊन खाली ठेवतो, भाजीवाली म्हणते, "पावणं, अत्तर न्हाय ते."

आण्णांचं गाव शिरोळ तालुक्यात, आमच्या घरापासून एसटीनं अर्ध्या तासावर. हातभर रुंदीच्या बांधावरून चुलतभावाशी भांडण लागलं आणि त्यांच्या हातून फावड्याचा घाव बसला. भाऊ जागेवर गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवताना, माझ्याकडं न बघता.

त्यांना चौदा दिवसांची रजा केव्हाच मिळू शकली असती. बाकीचे रजेच्या अर्जासाठी मागं लागायचे. यांनी कधी अर्जच केला नव्हता. मी शहाणपणा करून विचारलं, तर म्हणाले, "अर्ज दिला की पोलीस गावात चौकशीला जात्यात. मेल्याच्या घरात इचारत्यात, हरकत हाय का म्हणून. तेच्या पोराच्या दारात ही चौकशी कुठल्या तोंडानं धाडू?"

घरचं कुणी भेटायला येत नव्हतं. बायको होती, तिचे गुडघे धरले होते. रानाचं काय झालं, हे त्यांना आठ वर्षांत ठाऊक नव्हतं. श्रावणातल्या एका शनिवारी मी घरी निघालो तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, जाताजाता माझ्या रानावर नजर टाकून येतासा? पड हाय का कुणी पेरलंय, एवढंच."

कैद्याचा निरोप नेणं म्हणजे नोकरीवर पाणी. पण गेलो. वस्तीवर त्यांची बायको भेटली. तिनं रान दाखवलं. तिथं बांधच नव्हता. दोन्ही रानं एक करून एकसलग भुईमूग पेरला होता आणि कसत होता तो मेलेल्या भावाचा पोरगा. "मीच दिलं कसायला," बाई म्हणाली. "दोघांच्याबी घरात खाणारी तोंडं हायत की."

हे आण्णांना कसं सांगायचं? ज्या बांधापायी जन्म गेला, तो नांगरून टाकला म्हणून? सोमवारी ते माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले आणि मी ठोकून दिलं, "आण्णा, रान झकास आहे. शाळू पोटरीत आलाय." परीक्षेत शाळूवर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर, दहा मार्कांचा प्रश्न आला होता, तोच तोंडात आला.

आण्णांनी खुरपं खाली ठेवलं. "श्रावणात शाळू? साहेब, पेरणी कवा हुती त्याची? तुमच्या कॉलेजात?"

मग खरं सांगावंच लागलं. त्यांनी खाली ठेवलेलं खुरपं उचललं, त्याची माती बोटानं पुसली. नंतर फक्त विचारलं, "वळी कशा हायत? इकडच्या रानातनं तिकडं सरळ जात्यात?"

"सरळ जातात."

"उगवण?"

"दाट आहे."

ते पुन्हा वाफ्यात बसले. संध्याकाळी आत जायच्या रांगेत उभे असताना म्हणाले, "तो अर्ज लिवून द्या की."

अर्ज मी असा लिहिला, जणू रजा मलाच हवी होती. दोन महिन्यांनी चौकशी झाली. पोरानं हरकत घेतली नाही. कार्तिकात आण्णा रजेवर गेले आणि ते चौदा दिवस मी भिंतीबाहेर उगाच फाटकाकडं बघत काढले. माणूस परत आला नाही तर? किंवा आला आणि तिथं काही भलतंच झालं असलं तर?

पंधराव्या दिवशी ते रांगेत होते.

"काय केलंत आण्णा इतके दिवस?"

"आता शाळू हाय तितं. आता म्हणालासा तर चालंल." मग थोड्या वेळानं, "भांगलण राहिलती, तण माजलं हुतं. पोरगा ह्या टोकानं धरायचा, मी त्या टोकानं. मधी गाठ पडली की न बोलता दोघंबी माघारी."

"चौदा दिवस बोलला नाही?"

"शेवटच्या दिशी बोलला. म्हणला, खुरपं न्हिऊ नगासा, हितंच ठेवा."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी नोकरी संपली आणि मी दुकानात बसलो. आण्णांची शिक्षा तेव्हा बाकी होती. काउंटरवर ब्लाऊजपीस कापताना हाताला मातीचा वास येत नाही, हे माझ्या बायकोला पटवणं अवघड. ती म्हणते, "दोन वर्षांत कधी माती लागली होती का तुमच्या हाताला?" लागली नव्हती. आण्णांच्या हाताला लागलेली बघत बसलो होतो, तेवढीच.

दोन हजार सालानंतर एकदा त्या बाजूला वसुलीला गेलो होतो. मुद्दाम रानाजवळ उतरलो. पीक गुडघाभर होतं आणि दोन माणसं दोन टोकांनी भांगलत मध्याकडं येत होती. एकाच्या डोक्याला टॉवेल, दुसऱ्याच्या टोपी. आण्णाच असावेत असं वाटलं. एवढ्या लांबून शपथेवर सांगता येणार नाही. हाक मारावी असं फार वाटलं. पण हाक मारली असती तर दोघंही उठून रस्त्याकडं आले असते, आणि मला त्यांना मध्यात भेटलेलं बघायचं होतं.

दोघांत चार हातांचं अंतर राहिलं असेल, तेवढ्यात परतीची एसटी आली. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, येताय का ऱ्हाताय?"

मी पुढची एसटी धरली.